दोन फटके आणि एक कट

मौजे बाभूळटेक, ता. वडवणी, जि. बीड
दि. ५ डिसेंबर २०२४

चि. रामप्रसाद यास,

पत्राच्या सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी एकच लिहितो, तोही पद्धत म्हणून.

मी तुझ्याशी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे आणि साऱ्या तालुक्यालाही ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी नारायणगडाच्या यात्रेत मी लोकांना सांगत होतो, की पोरगा पुण्यात क्लास करतोय, येत्या वर्षी फौजदार होऊन येतो. आणि तू शे-दोनशे माणसांसमोर म्हणालास, "आप्पा, मी परीक्षाच देत न्हाई, मी गोल्फ खेळतो." त्यावर मी म्हणालो होतो, की यापुढं ह्या पोराशी तोंडानं बोललो तर नावाचा आप्पाराव झोडगे नाही. तो शब्द मी पाळला आहे. पत्राचा त्यात उल्लेख नव्हता. मी नीट आठवून पाहिलं, तुझ्या आईलाही विचारलं. 'तोंडानं' असाच शब्द होता. म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. काल वडवणीच्या चौकात जो रास्ता रोको झाला त्याचा व्हिडिओ तुझ्यापर्यंत आला असेल, तर त्यात सगळ्यांत पुढं फेटा बांधून बसलेला माणूस मीच आहे. पण मी तिथं तुझ्यासाठी बसलो होतो असा गैरसमज करून घेऊ नको. प्रश्न गावाच्या इज्जतीचा होता.

झालं असं, की सोमवारी सकाळीच सोमनाथ पेपर घेऊन दारात आला. आपल्या भावकीतला सोमनाथ, वडवणीहून पेपरला बातम्या पाठवतो तो. पाचव्या पानावर खालच्या कोपऱ्यात बातमी होती: 'बाभूळटेकचा रामप्रसाद झोडगे कटामुळे स्पर्धेबाहेर.' आणि आत लिहिलं होतं, की बंगळूरच्या गोल्फ स्पर्धेतून रामप्रसादला अवघ्या दोन फटक्यांनी बाहेर पडावं लागलं.

मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

राजकारणात माझी बत्तीस वर्षं गेली. दोनदा सरपंच होतो, एकदा सोसायटीचा चेअरमन, आणि पंचायत समितीला अकरा मतांनी पडलो तोही कटच होता. कट म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. पण मला पाडलं तेव्हासुद्धा अंगाला कोणी हात लावला नव्हता. तुला मात्र बाहेर काढताना दोन फटके मारले! परक्या मुलखात, माणूस एकटा बघून!

मी सोमनाथला विचारलं, "कोनी मारले?"

तो म्हणाला, "कोनी म्हंजे? त्यानंच मारले असतील की, आप्पा."

"सोताच सोताला?"

"मला बी लई कळत न्हाई. इंग्रजीत आलतं, मी मराठी केलं."

बातमीदारावर दबाव आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

मंगळवारी तातडीची ग्रामसभा घेतली. सध्याचा सरपंच राधाकिशन माझा विरोधक, पण विषयच असा होता की त्यालाही मुकाट्यानं सही करावी लागली. बुधवारी चौकात बसलो. पाऊण तास रस्ता अडवला, दोन एसट्या आणि उसाचे सात ट्रॅक्टर थांबवले. तहसीलदार स्वतः खाली आले. निवेदनात आपण मागणी केली आहे, की कट रचणाऱ्यांची नावं जाहीर करावीत, फटके मारणाऱ्यांवर गुन्हा दाखल करावा आणि रामप्रसादला सन्मानानं परत स्पर्धेत घ्यावं. तहसीलदारांनी विचारलं, फटके नेमके कुठं मारले? मी म्हणालो, ते तपासात निष्पन्न होईल. निवेदनाची एक प्रत, ठराव आणि एकशे बारा सह्या गोल्फ मंडळाच्या मोठ्या ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवल्या आहेत.

तुझी आई विचारते, फार लागलं का? सूज असेल तर हळद गरम करून लाव, असं ती म्हणते. हाताला तर काही झालं नाही ना, कारण तुझं सगळं हातावरच आहे, असंही ती म्हणते. मला यातलं काही विचारायचं नाही.

कट करणाऱ्यांची नावं उलटटपाली कळव. आडनावांसह.

तुझा कागदोपत्री बाप,
आप्पाराव झोडगे


बाभूळटेक
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. रामप्रसाद,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर मिळाल्यावर फाड.

तुझी बहीण परीक्षा संपवून बीडहून घरी आली. येताच तिनं रास्ता रोकोचा व्हिडिओ पाहिला आणि बाजेवर आडवी पडून हसायला लागली. मला वाटलं अभ्यासानं डोक्यावर परिणाम झाला. तुझ्या आईनं तिला पाणी पाजलं. करिष्मा पाणी प्यायली आणि परत हसायला लागली. अर्ध्या तासानं तिला बोलता आलं.

तिनं सांगितलं ते असं. गोल्फची स्पर्धा चार दिवसांची असते. पहिले दोन दिवस सगळे खेळतात. मग एक रेष ओढतात. रेषेच्या आतले पुढचे दोन दिवस खेळतात, बाहेरचे घरी जातात. त्या रेषेला इंग्रजीत कट म्हणतात. आणि फटका म्हणजे चेंडूला मारलेला फटका. तुझे दोन फटके जास्त झाले म्हणून तू रेषेच्या बाहेर राहिलास.

म्हणजे कोणी कट केलेला नाही. तुला कोणी मारलेलंही नाही. जे काही मारलं ते तूच मारलंस, आणि दोन जास्त मारलेस.

एवढ्यावर थांबली असती तरी मी सहन केलं असतं. पण पुढं ती म्हणाली, "आप्पा, ह्या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. वजा आकडा चांगला, अधिक वाईट."

मी तिला तीनदा विचारून खात्री केली. तू ह्या खेळात व्यावसायिक होऊन चार वर्षं झाली, आणि चार वर्षांत ही गोष्ट मला एकाही माणसानं सांगितली नाही! मी तुझे आकडे बघत होतो असं नाही. फोनवर आपोआप येतात. तू कुठंतरी अधिक अकरा होतास त्या दिवशी आपल्या घरी शिरा झाला होता, तो योगायोग होता. मागच्या वर्षी कोइमतूरला वजा नऊ दिसल्यावर मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही, तेव्हा मला पित्त झालं होतं. त्या स्पर्धेत तू नववा आला होतास हे मला परवा कळलं. एकशे वीस जणांत नववा. आणि मी ओवा खात बसलो होतो.

जो कमी झोडतो तो जिंकतो, असा खेळ झोडग्यांच्या घराण्यानं खेळावा हेही नवलच आहे.

मी लगेच वडवणीला पोस्टात गेलो. म्हटलं, आमचं रजिस्टर माघारी द्या. पोस्टमास्तर म्हणाले, "आप्पा, गेलेलं टपाल माघारी येत न्हाई. पत्ता चुकला तरच येतं." मी पत्ता चुकला असेल अशी आशा धरली. पण पत्ता सोमनाथनं घातला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं काहीतरी बरोबर निघालं.

गावात मी अजून काही बोललेलो नाही. कोणी विचारलं तर तपास चालू आहे म्हणून सांगतो. राधाकिशन रोज चौकात विचारतो, "कटाचा काय निकाल, आप्पा?" त्याच्या बोलण्यात मला थोडा कुजकेपणा वाटतो. त्याला काही कळलं असेल का, हे मला कळत नाही.

ते निवेदन तिकडं पोचलं असेल तर कोणी फारसं मनावर घेणार नाही असं करिष्मा म्हणते. म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

आप्पाराव झोडगे


बाभूळटेक
दि. ४ जानेवारी २०२५

चि. रामप्रसाद,

परवा तू आईला फोन केलास तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होतो. फोनचा आवाज एवढा मोठा का ठेवला म्हणून मी तिला नंतर रागावलो. ती म्हणाली, "तुमीच म्हणलावता ना मोठा ठेव म्हणून!" वय झालं की बायका काहीही बोलतात.

तू सांगितलंस ते सगळं मला ऐकू आलं. मंडळानं निवेदन मनावर घेतलं आहे. त्यांच्या मैदानावर खेळाडूला मारहाण झाली, अशी एकशे बारा सह्यांची लेखी तक्रार आल्यावर ते तरी काय करणार? मी त्यांच्या जागी असतो तर मीही चौकशी लावली असती. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत फेब्रुवारीतल्या पुण्याच्या स्पर्धेत तुझं नाव अडकवून ठेवलं आहे. ती तुझ्या हंगामाची शेवटची स्पर्धा. तिथं खेळायला मिळालं नाही, किंवा मिळून कट हुकला, तर पुढच्या वर्षी खेळायचं कार्ड जातं. मग तिसाव्या वर्षी पुन्हा पात्रता परीक्षेपासून सुरुवात. ती परीक्षा तू तिसऱ्या खेपेला पास झाला होतास हे मला ठाऊक आहे.

शेवटी तू म्हणालास, "आई, आप्पांना सांग, सहा वर्षं गप होते तेच बरं होतं." ते वाक्य मला ऐकू आलं नाही.

मी त्याच दिवशी मंडळाला माफीचं पत्र लिहायला बसलो. माफी मागायची मला सवय नाही हे मान्य आहे. पहिल्या कागदावर लिहिलं, की आपल्या स्पर्धेत कट नावाचा प्रकार असतो, हे आपण जनतेला वेळीच कळवलं असतं तर ही वेळ आली नसती. करिष्मा म्हणाली ही माफी नाही, ही दुसरी तक्रार आहे. दुसऱ्या कागदावर लिहिलं, की झाल्या प्रकाराबद्दल दोन्ही बाजूंनी दिलगिरी व्यक्त करावी. तोही तिनं फाडला. तिसरा कागद तिनं सांगितला आणि मी लिहिला. तीन ओळी. 'माझा गैरसमज झाला. कोणीही मारहाण केली नाही. तक्रार मागे घेतो.' एवढं लिहायला मला संध्याकाळ लागली. मध्ये एकदा पेनही थांबलं.

तिनं ते पत्र मोबाइलवरून पाठवलं. काल उत्तर आलं. ते म्हणतात, तक्रार ग्रामसभेच्या ठरावानं आली आहे, तेव्हा ती मागेही ग्रामसभेच्या ठरावानंच यावी. ३१ जानेवारीच्या आत.

माणसं नियमाला पक्की आहेत, तेवढं मला आवडलं. पण ह्याचा अर्थ तुझ्या लक्षात येतोय का? २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा असते. तिथं उभं राहून, राधाकिशन समोर खुर्चीत बसलेला असताना, मला सांगायचं आहे की मी ज्याच्यासाठी एसट्या अडवल्या तो कट नव्हताच. बत्तीस वर्षांत ग्रामसभेत मी 'माझं चुकलं' असं म्हणालेलो नाही. विरोधकांचं चुकलं म्हणालो, शासनाचं चुकलं म्हणालो, एकदा पावसाचंही चुकलं म्हणालो. आणि मेमध्ये सोसायटीची निवडणूक आहे. अशा सभेनंतर मला कोण उभं करील?

करीन असं मी लिहीत नाही. करणार नाही असंही लिहीत नाही.

तुझी आई परवापासून माझ्याशी बोलत नाही. तिनं मात्र शपथ वगैरे काही घेतलेली नाही.

आप्पाराव


बाभूळटेक
दि. २७ जानेवारी २०२५

चि. रामप्रसाद,

ठराव झाला. सही-शिक्क्याची नक्कल करिष्मानं मंडळाला पाठवली आहे, दुसरी ह्या पाकिटात आहे. काम झालं. पत्र इथंच संपवायला हरकत नव्हती, पण करिष्मा म्हणते काय झालं ते सगळं लिहा.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. एरवी कोरम भरायला माणसं घरातून ओढून आणावी लागतात. काल माणसं भिंतीवर बसली होती. ग्रामसेवक मंजुषा मॅडमनी विषय वाचला, 'दिनांक ३ डिसेंबरचा ठराव रद्द करणे.' राधाकिशन लगेच म्हणाला, "कावून? तपास लागला का कटाचा?"

मी उभा राहिलो. भाषण मी पाठ केलं होतं, ते विसरलो. मग सरळ खेळच समजावून सांगायला लागलो. म्हटलं, समजा ह्या शाळेपासून रतनबाईच्या विहिरीपर्यंत एक चेंडू न्यायचा आहे. चार फटक्यांत न्यायचा आणि पेल्याएवढ्या भोकात घालायचा. चारात गेला तर बरोबर. तिनात गेला तर वजा एक, म्हणजे शाबासकी. पाच लागले तर अधिक एक. अशी अठरा भोकं, आणि असे चार दिवस.

रतनबाई उभी राहिली. "आन मदी बाभळी हायत, त्या कोन तोडतं?"

"तोडायच्या न्हाईत. वळसा घालून न्यायचं."

"मग लावल्या कशाला?"

ह्याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर कळव, आज सकाळी ती परत विचारून गेली.

मागून कोणीतरी ओरडलं, त्यात काय अवघड हाय, करून दाखवा! मला तेवढंच पाहिजे होतं. मी एक कागदी लिंबू मागवलं, मातीवर ठेवलं, काठी उलटी धरली आणि हाणली. माती उडाली. लिंबू जागच्या जागी. दुसऱ्यांदा हाणली, काठी हातातून सुटून मंजुषा मॅडमच्या टेबलापर्यंत गेली. तिसऱ्यांदा लिंबाला लागली, ते फुटलं आणि रस राधाकिशनच्या शर्टावर उडाला. तो मी मुद्दाम उडवला नाही, पण पश्चात्तापही झाला नाही.

लोक पोट धरून हसत होते. मी वाकून श्वास घेत होतो आणि माझ्या मनात आलं, की हे काम पोरगा दिवसातून सत्तर वेळा करतो. सत्तरच्या वर गेला तर त्याला झोप येत नाही.

मग मी कट म्हणजे काय ते सांगितलं. फटके कोणी मारले तेही सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात कोइमतूरचे वजा नऊ आणि तुझी तिसऱ्या खेपेची परीक्षाही सांगून बसलो. हसणं थांबल्यावर राधाकिशननं शर्ट पुसत विचारलं, "आप्पा, एक इचारू? हे कोइमतूर, वजा नऊ, तिसऱ्या खेपेची परीक्षा, हे समदं तुमाला कसं ठावं? तुमी तर गडावर म्हणलावता, ह्या पोराशी आपलं काय बी न्हाई."

त्यावर मी योग्य ते उत्तर दिलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

आई विचारते, आता नाव घेतील ना?

आप्पाराव

(दादा, मी करिष्मा. आप्पांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय, म्हणून खाली जागा होती तिथं लिहितेय. ते 'योग्य ते उत्तर' काय होतं ते तुला कळायला पाहिजे. आप्पांनी काठी उचलली. लोकांना वाटलं आता राधाकिशनकाकांना शिव्या बसणार. मग ते म्हणाले, "चार वरसं रोज बघतोय. वजा म्हंजे काय, अधिक म्हंजे काय, कळत नव्हतं, तरी बघत होतो. पोराचं न्हाई चुकलं. माझं चुकलं." आणि खाली बसले. राधाकिशनकाकांचं हसू गेलं. मंजुषा मॅडमनी विचारलं अनुमोदक कोण, तर काकांनीच हात वर केला. नक्कल बघ, त्यांचंच नाव आहे. हे मी लिहिलंय असं आप्पांना सांगू नको.)


पुणे, गोल्फ मैदानाचं गेट
दि. २१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

रामप्रसाद,

हा कागद तुमच्या आजच्या खेळाच्या वेळापत्रकाचा आहे, त्याच्या मागच्या बाजूला लिहितोय. अक्षर हललं आहे कारण गेटच्या खांबावर टेकवून लिहितोय.

मी मोटारीचा पार्ट आणायला पुण्याला आलो होतो. घरी तसंच सांगितलं आहे. तुझ्या आईनं कोणता पार्ट ते विचारलं नाही. धुतलेलं धोतर काढून दिलं.

सकाळपासून मी तुझ्या मागं मागं हिंडतोय. तू ओळखू नये म्हणून झाडांच्या मागून चालत होतो. ही झाडं कशाला लावली ते मला आज कळलं, रतनबाईला सांगीन. एवढी माणसं आणि कोणी मोठ्यानं बोलत नाही. तू चेंडूपाशी उभा राहिलास की एक माणूस 'शांत राहा' अशी पाटी वर धरायचा आणि सगळे श्वास धरायचे. बत्तीस वर्षं मी माईकवर बोललो, माझ्यासाठी कोणी असं गप्प राहिलं नाही.

मग सोळाव्या भोकाला तुझा चेंडू उजवीकडं भरकटला आणि झाडांत येऊन माझ्या चपलेपासून दोन हातांवर पडला. मी जागचा हललो नाही. चेंडूला कोणाचा पाय लागू नये म्हणून हात पसरून उभा राहिलो. तू आलास, मागं तुझी पिशवी धरणारा माणूस आला. सहा वर्षांनी तुला एवढ्या जवळून पाहिलं. काळवंडला आहेस. कपाळ थोडं मोठं झालंय, तेवढं माझ्यावर गेलं.

तू आधी चेंडूकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. आणि म्हणालास, "आप्पा, जेवलात का?"

मी उत्तर दिलं नाही.

मग मान खाली घातलीस आणि कामाला लागलास. तुला काय वाटलं ते मला कळलं. तुला वाटलं म्हाताऱ्याची अजून तीच शपथ चालू आहे. इथवर येऊनही तोंड उघडत नाही.

तसं नव्हतं रे. करिष्मानं मला नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं आहे, की खेळ चालू असताना खेळाडूनं बाहेरच्या माणसाकडून सल्ला घेतला तर दोन फटक्यांचा दंड. तू रेषेवर होतास. आधी एकदा मी दोन फटक्यांवरून एवढा घोळ घातला होता, आता माझ्या तोंडून एक शब्द गेला आणि तुला खरेच दोन फटके बसले तर? म्हणून ओठ घट्ट दाबून उभा राहिलो. नाकानं श्वास घेत होतो. तुझ्यासमोर सहा वर्षं रागानं गप्प बसलो ते सोपं होतं. आजचं गप्प बसणं फार अवघड गेलं.

तू निघून गेल्यावर मी त्या पाटीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, जेवलो म्हणायला दंड नाही पडत. सल्ला म्हणजे कुठं मारायचं, कशानं मारायचं असं काही." मी त्याला म्हटलं, मग ते पुस्तकात नीट लिहा. तो हसला. मला हसू आलं नाही.

तो फटका तू दोन झाडांच्या मधून काढलास. तिथून माझं लिंबूही गेलं नसतं. मी टाळी वाजवली, ती चुकीच्या वेळी वाजली, सगळ्यांनी वळून पाहिलं. आता बोर्डावर आकडे लागले आहेत. मी दोघांना विचारून खात्री केली. तू बरोबर रेषेवर आहेस, आणि रेषेवरचे आत धरतात. कट पार झाला. तुझं कार्ड राहिलं. मी इथं गेटवरच्या वॉचमनला मिठी मारली, तो वडवणीकडचा निघाला असता तर बरं झालं असतं, पण साताऱ्याचा आहे.

खेळ संपल्यावर तुम्ही बसता त्या खोल्यांत फक्त खेळाडूंना सोडतात, म्हणून ही चिठ्ठी वॉचमनच्याच हाती देतोय.

आधीच्या पत्रांत आई विचारते, आई म्हणते असं जिथं जिथं लिहिलं, तिथं तिथं मीच विचारत होतो. तिला जे विचारायचं ते ती फोनवर विचारते. मला तुझी आठवण येते. रोज येते. शपथेचं माझं मी बघून घेईन. नावाचा आप्पाराव नसलो तर नसलो.

आत्ताच पिशवी उघडून बघितली. आईनं दहा भाकरी आणि ठेचा बांधून दिला आहे. पार्ट आणायला जाणाऱ्या एका माणसाला दहा भाकरी कशाला, हे मला आत्ता कळतंय.

तर तू विचारलंस त्याचं उत्तर: न्हाई जेवलो. गेटबाहेर डाव्या हाताला उभा हाय. ये लवकर.

आप्पा